तीन शेजाऱ्यांची ना-हरकत

उंबराणीच्या सड्यावर कोणालाही नव्यानं उगवायचं असेल तर तीन शेजाऱ्यांची ना-हरकत लागते आणि ती ज्येष्ठ संपायच्या आत शेजार कार्यालयात जमा करावी लागते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट, खडकाळ माळरान. तिथं माती वीतभर आणि वारा पोटभर. एवढ्याशा मातीत शंभरावर जाती दाटीवाटीनं नांदतात, तेव्हा कोण कोणाशेजारी येणार हे लिहून ठेवलेलं बरं, असं सरकारला फार पूर्वी वाटलं आणि त्यात सरकारचं काही चुकलं नाही. नोंदवहीत कुसळी गवत पहिल्या पानावर आहे. मग तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं असं करत करत शेवटच्या पानावर झोऱ्यांच्या घरातली दोन नावं येतात: ठकूबाई झोरे आणि तिचा दीर भागोजी झोरे.

वनस्पतींना अंगठा नसतो. म्हणून सड्यावरच्या सगळ्या अर्जांवर झोऱ्यांच्या घरातला अंगठा चालतो, असा जुना रिवाज आहे. सासरे होते तोवर त्यांचा चालला, मग नवऱ्याचा आणि नवरा गेल्यावर ठकूबाईचा. अंगठा देणाऱ्यानं मजकुरात पडायचं नाही, हे सासऱ्यानं तिला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. तिनं ते इतकं पाळलं की वाचून दाखवू का असं कोणी विचारलं तरी ती कानावर हात ठेवी.

घरात चार म्हशी होत्या आणि भागोजी होता. म्हशींचं सगळं ठकूबाई करी. भागोजी दारातल्या दगडावर बसून गुणगुणे आणि दोन्ही वेळा अडीच अडीच भाकऱ्या खाई. लग्न केलं नाही, काम केलं नाही, कोणाचं वाईटही केलं नाही. ठकूबाई त्याच्या नावानं दिवसभर बोटं मोडी. ऐकायला दुसरं कोणी नसे, म्हणून ती ते म्हशींना ऐकवी, धुक्याला ऐकवी आणि येता जाता गवतालाही ऐकवी.

त्या ज्येष्ठात गवत स्वतःहून तिच्याकडे आलं.

"बाई, टारफुला माजं खातो," गवत म्हणालं. टारफुला म्हणजे एक वीतभर उंचीचं, पांढऱ्या फुलांचं झाड. ते गवताच्या मुळात आपली मुळं घालतं आणि त्याच्यातलंच पितं. "राबायचं म्या आन् फुलायचं त्यानं. किती वरसं सोसायचं?"

"माज्या घरात तरी दुसरं काय हाय," ठकूबाई म्हणाली आणि तिनं अर्जावर अंगठा उठवला. खरं सांगायचं तर त्या साली दिलेल्या सगळ्या अंगठ्यांत हाच तिनं सगळ्यात मनापासून दिला.

आठ दिवसांनी शेजार निरीक्षक रणवरे सुनावणीसाठी सड्यावर आले. त्यांनी घडीचं टेबल उघडलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि अर्ज वाचला. मजकूर छापील होता. कार्यालयात तो एकच नमुना मिळतो. 'सड्यावर जो कोणी स्वतःचं अन्न स्वतः न करता शेजाऱ्याचं खातो, अशा सर्वांची नोंद रद्द व्हावी.'

"सर्वांची म्हंजी?" ठकूबाईनं विचारलं. मजकुरात पडायची तिची ही पहिलीच वेळ.

रणवऱ्यांनी वही चाळली. "असे दोघे दिसतात. टारफुला आणि भागोजी झोरे."

"भागोजी माजा दीर हाय सायेब. त्यो खातो ते माजं खातो आन् माजी हरकत न्हाई."

"हरकत नसती तर अंगठा कसा आला?"

"त्यो गवताचा अंगठा हाय."

"गवताला अंगठा नसतो, बाई," रणवरे समजावणीच्या सुरात म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी दोघांनाही बोलायची संधी दिली. टारफुल्यानं आपली पानं पुढं केली. पानं हिरवी आहेत, थोडंफार आपलं आपण करतो, सगळंच काही दुसऱ्याचं नसतं, असं त्याचं म्हणणं होतं. भागोजी म्हणाला, "म्या खातो ते खरं हाय सायेब." एवढं बोलून तो खाली बसला.

मग सीतेच्या आसवांनी हात वर केला. बोटभर उंचीची, निळी, नाजूक जात. "टारफुला गवताचं खातो म्हणून गवत गुडघ्याच्या खाली राहतं," त्यांनी सांगितलं. "गवत खाली राहतं म्हणून आम्हाला ऊन मिळतं. आमच्यासारख्या इथं ऐंशी जाती आहेत."

"ऊन हा या अर्जाचा विषय नाही," रणवरे म्हणाले, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

ठकूबाई गवताकडे गेली. "अर्ज मागं घे रं बाबा."

"भागोजीवर माजा काय बी राग न्हाई," गवत म्हणालं. "पर अर्ज फोडून एकालाच सोडता येत न्हाई म्हनत्यात. आयतं खानारा किती जड जातो, ते तुमीच मला रोज सांगायच्या."

आपण हे हजारदा बोललो आणि त्यातलं एकदाही आपल्याला तसं म्हणायचं नव्हतं, हे ठकूबाईला तिथं गवतापाशी कळलं.

रणवऱ्यांनी दोन्ही नोंदी खोडल्या. नोंद रद्द झालेल्यांना कार्यालयात लिफाफ्यात ठेवतात. टारफुल्याचा लिफाफा लहान होता, भागोजीचा जरा मोठा. आत जाण्याआधी भागोजीनं कानटोपी काढून ठकूबाईच्या हातात दिली.

"वैनी, ही धुऊन ठेवा," तो म्हणाला. "आन् सांजच्याला जेवत जा. तुमी माज्याच पायी चूल पेटवत व्हता."

रणवऱ्यांनी लिफाफे डकवले, टेबलाची घडी घातली आणि ते डोंगर उतरून गेले.

त्या पावसात गवत कमरेएवढं झालं. दुसऱ्या साली ते छातीला लागलं आणि स्वतःच्याच वजनानं आडवं पडलं. कुसळं धरलेल्या गवताला म्हशी तोंड लावत नाहीत, त्यामुळे ते पडल्या जागी कुजलं आणि नवं त्याच्यावरून उगवलं. ठकूबाईकडे ना-हरकतीचे अर्ज कमी कमी येऊ लागले. गेंद आला नाही. तेरडा कड्याच्या काठावर दोन वर्षं टिकला, मग तोही आला नाही. घरात ठकूबाई सकाळची भाकरी संध्याकाळी पाण्याबरोबर खाई. तिला भागोजीची फार आठवण येई. बोटं मोडायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे दिवसचे दिवस तिचा स्वतःचा आवाज तिच्या कानावर पडत नसे.

तिसऱ्या ज्येष्ठात गवत पुन्हा आलं. ते वाकलं होतं.

"बाई, टारफुल्याला परत आना," ते म्हणालं. "माज्याच अंगाखाली म्या कुजाया लागलोय. माजं कुनी खानारं नसलं की थांबायचं कुठं, त्ये मला कळत न्हाई."

ठकूबाईनं दोन अर्ज केले, एक टारफुल्यासाठी आणि एक भागोजीसाठी. दोन्हींवर गवताची ना-हरकत झाली आणि तिची स्वतःची झाली. तिसरी मिळवायला ती चार दिवस सडाभर फिरली. गवत दोन्ही हातांनी बाजूला सारत, वाकून, खालच्या काळोख्या मातीत विचारत गेली. चौथ्या दिवशी एका खडकाच्या बेचक्यात तिला सीतेच्या आसवांचं एक बी सापडलं.

"दिली असती," बी म्हणालं. "पण मी या साली उगवणार नाही. न उगवलेल्याला शेजारी धरत नाहीत."

दोन-दोन ना-हरकती घेऊन ती कार्यालयात गेली. रणवऱ्यांनी कागद नीट पाहिले आणि उठून कपाट उघडलं. दोन्ही लिफाफे एकमेकांना टेकून उभे होते. मोठ्यातून बारीक गुणगुणणं येत होतं. ठकूबाईनं हात पुढं केला, मग पदरात घेतला.

"तिसरा शेजारी नाही," रणवरे म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "दोघांपैकी एक जरी सड्यावर असता, तर त्याच्या सहीनं दुसरा आला असता."

"ह्या लिफाफ्यातल्याची सही त्या लिफाफ्यातल्याला चालंल का?"

"नाही, बाई."

कपाट बंद झालं. ठकूबाईनं थोडा वेळ तिथंच बसून ऐकलं. मग शिपायानं दिवे मालवायला घेतले, तेव्हा ती उठली.

ती वर पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि गवत पायवाटेवर आडवं येऊन तिची वाट बघत होतं.

"काय म्हनाले?"

"तिसरा पायजे म्हनाले."

"मग?"

"मग काय," ठकूबाई म्हणाली. "वाढ तू."

गवत वाढलं. त्याला दुसरं काही येत नव्हतं. श्रावणात त्यानं झोऱ्यांचं दार झाकलं, आणि ठकूबाईनं आतून हरकत घेतली नाही.