चहा घेतला आणि गेले

आमच्याकडे, म्हणजे पैनगंगेच्या अलीकडच्या, हैदराबादच्या राज्यातल्या मराठी गावांत, माणूस गेला की तेरवी झाल्यावर मी जातो. यात दुष्टपणा काही नाही, ती माझी नोकरी आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, घरच्या घरी जो कोणी मरेल तो कशाने मेला, हे त्याच्या माणसांना विचारून सरकारला कळवायचं. पदाचं नाव मृत्युकारण अन्वेषक, तोंडी. नियम एकच आहे: जबाब जसाच्या तसा घ्यावा आणि अन्वेषकाने स्वतःची अक्कल चालवू नये. नियमाचा दुसरा भाग मी नोकरीला लागल्यापासून कसोशीने पाळत आलो आहे.

आता आपल्या माणसांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मरणाची एक गोष्ट तयार होते. पहिल्या दिवशी ती कच्ची असते. रडता रडता कोणी बोलून जातं, "रातभर कळा सोसल्या वो!" तिसऱ्या दिवशी परगावचे काका येईपर्यंत रात्रभराची घटकाभर होते. दहाव्याला कळा निघून जातात. आणि तेरवीच्या पंगतीपर्यंत ती गोष्ट इतकी गुळगुळीत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणही असंच जावं. "सकाळी उठले. आंघोळ केली. चहा घेतला. म्हणाले, मस्त झाला. अन् मान टाकली. कोणाले तरास नाही देल्ला." सतरंजीवरचे सगळे मान हलवून म्हणतात, "भाग्यवान!" आणि नेमका त्यानंतर मी पोचतो, अन् लिहून घेतो.

सावळेगावच्या धोंडीबाचंही असंच झालं. वांगी-टमाटे पिकवून तलमडुगुच्या बाजारात विकणारा माणूस. मी गेलो तेव्हा त्याची बायको भागाबाई खांबाला टेकून बसली होती आणि लेक सुरेंद्र सांगत होता, "बाबानं चहा घेतला अन् गेले. पुरा कप बी नाही संपला." मी भागाबाईंना विचारलं, "असंच झालं ना?" त्या म्हणाल्या, "हाव." मी लिहिलं. मग त्यांनी मलाही चहा दिला. तो मी घेतला, आणि बघा, काही झालं नाही.

म्हणजे अगदीच काही झालं नाही असं नाही. त्याच सुमारास माझ्या छातीत डावीकडे दुखू लागलं होतं. जिना चढलो की दुखे, बसलो की थांबे. घरी सांगितलं. आमच्या सौ. वनमाला म्हणाल्या, "गॅस आहे. काल भरीत किती खाल्लं तुमी?" आणि सोड्याचा पेला हातात दिला. हैदराबादेत कंप्युटरवर बसणारे चिरंजीव अपूर्व व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "बाबा, गॅसच दिसतोय." त्यांना फोनच्या पडद्यावर तो दिसत असावा. शेजारचे अमृतराव ओव्याची पुडी घेऊन आले. मीही म्हणालो, गॅसच असेल. घरात बहुमत झाल्यावर एकट्या छातीचं कोण ऐकतो?

इकडे माझे सगळे जबाब हैदराबादच्या मृत्यू-प्रवृत्ती विश्लेषण कक्षात पोचले. तिथले उपसंचालक नरसिम्हलू सार, म्हणजे आपले सर. त्यांची भाषा तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी असल्याने मी ती मराठीतच देतो. सारांनी मला बोलावून एक रंगीत आलेख दाखवला. त्यात साप, ताप, दारू, अपघात सगळे खाली रांगत होते आणि एकच तपकिरी खांब छताला टेकला होता.

"सुधाकरराव, हे काय आहे?"

"चहा, सार."

"तुमच्या भागात माणसं मरण्याआधी चहा घेतात. आता जो मरण्याआधी घेतला जातो, तो मरणाला कारणीभूत आहे की नाही?"

मी म्हणालो, "सार, ती बोलायची पद्धत..." आणि मला नियमाचा दुसरा भाग आठवला.

पंधरवड्यात हुकूम निघाला. साठ वर्षांवरील कोणत्याही इसमास चहा देऊ नये, दाखवू नये, अथवा त्याच्या समक्ष फुंकर मारून पिऊ नये. टपरीवाले आधार कार्ड बघून कप देऊ लागले. बासरला दर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्यांची बस अडवून पोलिसांनी थर्मास जप्त केले. पंचाहत्तरीचे विठ्ठलराव, आयुष्यभर तहसीलमध्ये मुलाजिम, म्हणजे सरकारी नोकर होते, कायद्याचा मान राखणारे, ते केस काळेभोर करून टपरीवर गेले आणि टपरीवाल्याला म्हणाले, "काका, एक कट चहा द्या."

दुसरी गोष्ट जरा मुकाट्याने झाली. सावळेगावच्या सरकारी दवाखान्यात ईसीजीचं एक यंत्र होतं. आलेखात आमच्या भागात हृदयाने मेलेलं कोणीच नव्हतं. ज्या भागात कोणाला हृदयच नाही, तिथे यंत्र कशाला? ते मंचेरियलकडे पाठवलं. तिकडे खाणीचे डॉक्टर कारण स्वतः लिहितात, त्यामुळे तिकडची माणसं रीतसर हृदयाने मरतात. यंत्र नेण्याच्या कागदावर सही माझीच होती. सही करताना खांदा दुखला, पण मी म्हटलं, गॅस.

चहा बंद झाला, मरणं काही थांबली नाहीत. गोष्ट मात्र बदलली. आता मी सतरंजीवर बसलो की ऐकू येई, "शेवटपर्यंत चहा मागत होते हो. पण कायदा! एक घोट नाही भेटला. तसेच गेले बिचारे." हेही मी जसंच्या तसं लिहिलं. सारांनी नवा आलेख काढला आणि त्यांचे डोळे लकाकले.

"आपली चूक झाली सुधाकरराव! माणसं चहाने मरत नव्हती. चहावाचून मरतात!"

बंदी उठली आणि लगेच तातडीची चाय सेवा सुरू झाली. रुग्ण न्यायला ज्या गाड्या होत्या त्यांतली ऑक्सिजनची नळकांडी उतरवून थर्मास बसवले. एका गाडीला एक चालक आणि एक चहापाजक. गाडी हवी असेल तर फोन करून एवढंच सांगायचं, की म्हातारा चहा मागतो आहे. दुसऱ्या कोणत्याही कारणाला गाडी मंजूर नव्हती, कारण दुसऱ्या कोणत्याही कारणाने कोणी मरत नव्हतं.

योजनेच्या फेरतपासणीसाठी मी पुन्हा सावळेगावला गेलो. ऐन दुपारची वेळ. भागाबाईंच्या अंगणात पाय ठेवला आणि छातीवर कोणी जातं ठेवावं तसं झालं. हात जड पडला, घामाने सदरा भिजला. मी ओसरीवर बसलो तो आडवाच झालो. सुरेंद्र धावत आला.

"काका, गॅस हाय. थांबा, सोडा आणतो."

"सुऱ्या!" भागाबाई अशा ओरडल्या की कोंबड्या उडाल्या. "सोडा आणशील त याद राख! तुह्या बापाले बी असंच म्हणला होता तू!"

सुरेंद्र जागच्या जागी उभा राहिला. मी पडल्या पडल्या, सवयीने, विचारलं, "भागाबाई, ते तर चहा घेऊन..."

"कायचा चहा!" बाईंच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं आणि हात माझ्या सदऱ्याची बटणं सोडत होते. "सांजपासून तडफडून राह्यला होता माणूस माह्या. छाती धरून लोळे. हे पोट्टं म्हणे गॅस हाय, सोडा पी. मंग म्हणे सकाळी पाहू, आता गाडी कुठं भेटते. सकाळी चहा मीच केला. तोंडाले लावला त तो वठातून खाली आला."

"मग मला तसं का नाही सांगितलं?"

"तुमी चार माणसांत इचारलं! पुढं लेक बसला होता, त्याचे सासरचे बसले होते. त्याईच्या समोर सांगू, का माह्या पोरानं बापाले मारलं? काऊन इचारलं होतं मंग तसं? अन् तुमाले बी घाई होती."

घाई होती, हे खरं. त्या दिवशी मला आणखी तीन चहा घ्यायचे होते.

भागाबाईंनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "छाती का दर्द हमारे पास नहीं आता अम्मा. चाय का केस है क्या?"

"हाव बापा, चायचाच! दोन दिवसांपासून मागून राह्यले, कोणीच देऊन नाही राह्यलं!"

सरकारी नोकर म्हणून खोट्या माहितीला हरकत घेणं माझं कर्तव्य होतं. मी तोंड उघडलं. "चूप पडा!" बाई म्हणाल्या. मी चूप पडलो.

गाडी आली. गोपाल नावाचा चहापाजक टोपी नीट करून उतरला, त्याने कप भरला आणि माझ्या तोंडाशी धरला. कप संपल्याशिवाय गाडी हलवू नये असा नियम होता. माझी तर बोबडी वळली. घेतला तर जुन्या आलेखात जाणार, नाही घेतला तर नव्या. भागाबाईंनी तो कप हिसकावला, कढत चहा एका दमात पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "झाला पिऊन. इथं त यंत्र बी नाही उरलं, आता यवतमाळले चला."

चालक म्हणाला, "अम्मा, आमची हद्द पैनगंगेपर्यंत. पुलाच्या पलीकडे गाडी नेली तर नोकरी जाते."

"अन् हे इथं मेले त याईचं लिहीन कोण? साऱ्या मुलखाचं मरण लिहिणारे हेच हायेत!"

चालक विचारात पडला. दया, माया, माणुसकी यांनी न हलणारी सरकारी गाडी या एका प्रश्नाने हलली. सुरेंद्रने मला उचलून आत ठेवलं. रस्ताभर तो माझे तळवे चोळत होता.

यवतमाळच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्प्रिंग घातली. म्हणाले, "गॅस नव्हता. आणखी तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. किती दिवस दुखत होतं?"

"काही महिने झाले."

"मग आला का नाहीत?"

"घरात बहुमत नव्हतं," मी म्हणालो. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मरणाची भीती काय असते ते मला त्या खाटेवर पहिल्यांदा कळलं, आणि मी आजवर लिहिलेली एकूण एक माणसं ती भीती भोगून गेली होती हेही कळलं.

वनमाला आली तेव्हा माझा हात धरून ढसाढसा रडली. पण घरी आल्यावर भेटायला माणसं येऊ लागली आणि मी आतून ऐकत होतो, "काही नाही वो, गॅसच होता. जरासा वर चढला होता." मी तिला आत बोलावलं. नुसतं पाहिलं तिच्याकडे. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "मग काय सांगू त्याईले? माणूस मरून राह्यला होता अन् मी सोडा देत बसली होती, असं सांगू?" मला तिचा राग येईना. त्या सोड्याने बरं वाटतंय असं मीच तर म्हणत होतो.

कक्षात माझा सत्कार झाला. चाय सेवेने वाचवलेला पहिला प्राण म्हणून हातात थर्मास देऊन फोटो काढला. सत्कारानंतर मी सारांना म्हणालो, "सार, जबाबात एक प्रश्न वाढवू द्या. आणि तो घरातल्या एकेकाला वेगळं बसवून विचारू द्या." प्रश्न काय तो ऐकून सारांनी आजारांची यादी काढली आणि तिच्यावरून बोट खालपर्यंत फिरवलं.

"हे आजारांच्या यादीत बसत नाही."

"पण सार, माणसं याच्याने मरतात. यंत्र नसल्याने, गाडी नसल्याने आणि याच्याने."

"म्हणूनच बसत नाही," सार म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "माझ्या आईच्या वेळी..." आणि आलेखाची गुंडाळी करून निघून गेले.

तो प्रश्न मी आता परवानगीवाचून विचारतो. लोक फार चिडतात. एका घरी कुत्रं सोडलं. एका घरी म्हणाले, तुमच्या डोक्यालाही काही झालं का? उत्तर आजवर एकाच माणसाने दिलं आहे, सुरेंद्रने. बापाच्या वांग्याच्या वाफ्यात उभा राहून, माझ्याकडे पाठ करून तो म्हणाला, "मी म्हणलो होतो, सोडा पी. लिहा." मी लिहिलं. आता तो आईला जरा खोकला आला तरी दवाखान्यात नेतो आणि भागाबाई त्याच्यावर खेकसतात.

तुमच्या घरचं माणूस गेलं त्या वेळी मीही सतरंजीवर होतो. गोष्ट छान सांगितलीत, मीही मान हलवली. पण आता सतरंजी उचलली आहे, पाहुणे गेले आहेत, आपण दोघंच आहोत. घाई नाही मला. तर सांगा, पहिल्यांदा ते "दुखतंय" म्हणाले, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?