लाकूड गप्प बसेना

सासऱ्यांनी पाळण्याची कुरकुर कायमची घालवली, आणि त्याच संध्याकाळपासून नातीने झोपणं सोडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं घरात कुणाच्याही मनात आलं नाही, कारण घरातल्या प्रत्येकाचा अजून आपापल्या अकलेवर विश्वास होता. सासूबाईंच्या मते पोट दुखत होतं. नवऱ्याच्या मते दात येत होते. सासऱ्यांच्या मते पोरीचा गळा मुळातच दणकट होता आणि तो वापरून बघायचा तिला हक्क होता. नातीला ते लाडाने भोंगा म्हणत. सकाळ होईपर्यंत त्यातला लाड गळून पडला होता आणि नुसता भोंगा उरला होता.

सूनबाईला मात्र त्या दिवशी रडायलाही सवड नव्हती. दुपारी तिची परीक्षा होती. शहराच्या वाद्यवृंदात चेलोची एक खुर्ची रिकामी झाली होती. चेलो म्हणजे उभ्या केलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाएवढं वाद्य, गुडघ्यांत धरून, गजाने वाजवायचं. अशी खुर्ची सहसा रिकामी होत नाही. चेलो वाजवणारी माणसं जन्मभर बसून काम करतात, त्यामुळे ती फारशी झिजत नाहीत. ही संधी गेली तर पुढची येईपर्यंत भोंगाच शाळा संपवून बाहेर पडला असता. बाळंतपणानंतर सूनबाईने गज हातात धरला तो चोरून, दुपट्यांच्या आणि बाटल्यांच्या मधल्या फटींतून. बोटांचे घट्टे गेले होते आणि पुन्हा आले होते. ते परत आले त्या दिवशी तिने कुणाला न सांगता बोटांच्या टोकांचे मुके घेतले होते.

तिच्या घट्ट्यांचा सगळ्यांत जास्त अभिमान सासऱ्यांना होता, आणि भांडणही त्यावरूनच होतं. सासरे सुतार. खाली कारखाना, वर घर. सून वाद्य वाजवते म्हटल्यावर त्यांनी आधी तिचे हात बघितले होते, आणि घट्टे दिसल्यावर जाहीर केलं होतं की ही आपल्यातलीच, कारागीर. सूनबाई म्हणायची, कारागीर नाही, कलाकार. जेवायला बसलं की हा विषय मिठासारखा ताटात असायचाच.

"कलाकार म्हणजे कोण," सासरे म्हणायचे, "तर ज्याचं काम चुकलं तरी लोक टाळ्या वाजवतात. माझी खुर्ची मोडून गिऱ्हाईक खाली पडलं तर ते टाळ्या वाजवेल का?"

"पण बाबा, तुमची खुर्ची बघून कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलंय का?"

"माझ्या आलंय," सासूबाई म्हणायच्या. "पायाची करंगळी लागली तिला तेव्हा."

नवरा यात पडत नसे. तो बस चालवायचा, आणि घरातसुद्धा दोन्ही बाजूंचे आरसे बघूनच तोंड उघडायचा.

तर त्या सकाळी नवरा कामावर गेलेला, सासूबाई भोंग्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताहेत, आणि सूनबाईने शेवटचा उपाय म्हणून चेलो बाहेर काढला. पोरीला शांत करावं आणि त्याच निमित्ताने बोटंही गरम करावीत, असा एका दगडात दोन्ही कामांचा बेत. तिने गज तारेवर ठेवून ओढला.

जो आवाज आला तो तिने आयुष्यात ऐकला नव्हता. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी जांभई द्यावी तसा. तिने पुन्हा ओढला. पुन्हा जांभई. भोंगा क्षणभर थांबला, आश्चर्याने आईकडे बघितलं, आणि दुप्पट जोराने सुरू झाला.

सूनबाईने टॉर्च आणला आणि चेलोच्या पोटावरच्या वळणदार फटीतून आत बघितलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसली.

"काय गं, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, यातला जीव गेलाय."

सासूबाईंनी आधी भोंग्याकडे नीट बघून घेतलं. भोंग्याच्या जिवाला काही झालेलं नव्हतं हे आख्खी गल्ली ऐकत होती. मग सूनबाईने सांगितलं की चेलोच्या पोटात बोटाएवढी जाड, वीतभर लांबीची एक साधी दांडी उभी असते. ती चिकटवलेली नसते, ठोकलेली नसते. वरच्या फळीच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये नुसती दाबाने उभी असते. तारांचा आवाज तिच्यातून सगळ्या अंगात पसरतो. वाजवणारे तिला जीवच म्हणतात. आणि आज ती तिथे नव्हती.

सासूबाईंनी एक मिनिट विचार केला. मग त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि नेहमीच्या शांत आवाजात खाली हाक मारली, "अहो, जरा वर या. काय केलंत ते सांगायला या."

सासरे वर आले ते हात पुसत, आणि चेहऱ्यावर थोडी वाट बघितल्यासारखी खुशी घेऊन. त्यांना वाटत होतं की आता आपलं कौतुक होणार. झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी सूनबाई म्हणाली होती, चेलोत कुठेतरी काहीतरी झणझणतंय. सासऱ्यांनी ते मनात ठेवलं. काल ती भोंग्याला घेऊन दवाखान्यात गेली तेव्हा त्यांनी हात धुतले, चेलो कारखान्यातल्या बाकावर घोंगडी टाकून आडवा घेतला, आणि परीक्षेआधी सुनेला भेट म्हणून तो तपासायला काढला. तारा सैल करून उतरवल्या, तर तारांखालची लाकडी घोडी सरळ त्यांच्या हातात आली.

"अगं, घोडीला सरसच लावलेला नव्हता," ते म्हणाले. त्या आठवणीने त्यांना अजून धक्का बसत होता. "नुसती ठेवलेली. मला वाटलं, पोरीला कुणीतरी फसवलंय."

"तुम्ही सरस लावलात?" सूनबाईचा आवाज फार बारीक झाला.

"लावणार होतो. डबा वाळला होता."

सूनबाईने डोळे मिटले आणि त्या वाळलेल्या डब्याला मनातल्या मनात नमस्कार केला. पुढचं तिला न सांगताच कळलं. तारांचा दाब गेला, तशी आतली दांडी पडली. सासऱ्यांनी चेलो उचलला तर पोटात काहीतरी खडखडलं. हेच ते झणझणणारं, असं म्हणून त्यांनी तो हलवून हलवून, तिरका करून, फटीतून दांडी बाहेर काढली. वाद्य बनवणाऱ्या कुणा निष्काळजी माणसाची आत राहून गेलेली काडी, असा त्यांनी निकाल दिला. मग घोडी होती तिथे ठेवली, तारा चढवल्या, कापडाने पुसून चेलो पेटीत ठेवून दिला. बोटांना विश्रांती म्हणून सूनबाईने काल पेटी उघडलीच नव्हती.

"आणि ती काडी कुठेय, बाबा?"

आता मात्र सासऱ्यांचा चेहरा उजळला. लाकूड काय होतं म्हणून सांगू, ते म्हणाले. जुनं, हलकं, सरळ रेषांचं, नखाने टिचकी मारली तर घंटीसारखं वाजणारं. असं लाकूड फेकायला त्यांचा हात धजेना. हातात घेऊन ते वर आले, आणि त्यांचं लक्ष पाळण्याकडे गेलं. पाळणा त्यांनी स्वतः केलेला, आणि तरी तो कुरकुरायचा. एका सुताराच्या घरात. येणारं-जाणारं गिऱ्हाईक जिन्याखाली उभं राहून ऐकायचं. महिनाभर ते त्या कुरकुरीच्या मागे होते. आणि काल ती दांडी चौकटीच्या दोन आडव्या पट्ट्यांमध्ये सरकवली तर काय, एक कणही कापावी लागली नाही. घट्ट बसली. पाळणा गप्प.

"जणू पाळण्यासाठीच घडवली होती," ते म्हणाले.

तिघंही पाळण्याकडे बघत राहिली. सूनबाईच्या मनात काय आलं कोण जाणे. तिने सासूबाईंच्या खांद्यावरून भोंग्याला घेतलं, तशी रडती पाळण्यात ठेवली, आणि सासऱ्यांना म्हणाली, "काढा."

"अगं, पुन्हा कुरकुरेल तो."

"काढा, बाबा."

सासऱ्यांनी चौकटीत हात घातला. किंचाळणाऱ्या नातीच्या अंगाखालून, पाळणा इकडचा तिकडे न हलू देता, त्यांनी दांडी दोन बोटांनी अशी फिरवून काढली की सूनबाई स्वतःची धास्ती विसरून त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने पाळण्याला हलका झोका दिला.

कुर्र, म्हणाला पाळणा. कुर्र.

भोंगा थांबला. हुंदका अर्धवट सोडून तिने कान दिला. पाळणा पुन्हा बोलला. तिने मूठ तोंडाजवळ नेली, एक लांब सुस्कारा टाकला, आणि रात्रभराचं राहिलेलं काम पुरं करावं तशी झोपून गेली.

सासऱ्यांनी आपल्या हातातल्या दांडीकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, आणि ते जवळच्या स्टुलावर बसले. महिनाभर ज्या आवाजाची त्यांना लाज वाटत होती, तेच त्यांच्या नातीचं गाणं होतं. पाळणा हलवायचं काम सासूबाईंनी घेतलं आणि दोघांना हातानेच खुणावलं, की आता चालू लागा खाली.

कारखान्यात बाकावर पुन्हा घोंगडी आली. आता खरं काम होतं, आणि ते दोघांपैकी एकालाही एकट्याने येत नव्हतं. दांडी फटीतून आत न्यायची आणि न दिसणाऱ्या जागी उभी करायची, याला हात सासऱ्यांचे हवे होते. जागा कुठली, हे कान सांगणार होता, आणि तो सूनबाईचा होता. सासऱ्यांनी जाड तार वाकवून तिचा आकडा केला, सासूबाईंचा छोटा आरसा दुसऱ्या फटीशी टेकवला, आणि श्वास रोखून दांडी उभी केली. सूनबाईने तारा थोड्या ताणून छेडल्या.

"थोडी बाहेर."

सरकली.

"एवढी नाही. आलात त्याच्या अर्धी परत."

"अगं, मी केसभर सरकवली."

"मग अर्धा केस."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. ही मुलगी चेष्टा करत नव्हती. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना अर्ध्या केसासाठी बोलणी ऐकवली होती. आपल्याला कुणी ऐकवेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी निमूटपणे अर्धा केस दिला. पुन्हा छेड, पुन्हा मान हलवणं. घामाचा थेंब त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला आणि तोसुद्धा वाट बघत राहिला. एकदा सूनबाईने हात वर केला. पूर्ण थांबा. तिने तारा पुऱ्या सुरात आणल्या, वाद्य गुडघ्यांत घेतलं, आणि सगळ्यांत जाड तारेवरून गज सावकाश ओढला.

आवाज आधी आलाच नाही. आधी जमीन आली, पायांखालून. मग बाक. मग खिळ्यांचा डबा आपोआप थरथरायला लागला. भिंतीला टेकवलेल्या फळ्या, ज्या सासऱ्यांनी स्वतः कापल्या होत्या, रंधल्या होत्या, आणि ज्यांना ते मेलेलं लाकूड समजत होते, त्या हळूहळू गुणगुणायला लागल्या. आणि सगळ्यांत शेवटी खिळ्यावर टांगलेली मोठी करवत एका बारीक, स्वच्छ सुरात गायला लागली.

सासरे करवतीकडे बघत राहिले. गज टोकापर्यंत ओढून झाला, सूर विझला, तरी करवत थोडा वेळ गातच होती.

"ही माझीच आहे," ते हळूच म्हणाले, कुणीतरी बदलली असावी अशा शंकेने.

मग म्हणाले, "आयुष्यभर मी लाकूड गप्प बसवत आलो, पोरी. खुर्ची बोलली की गिऱ्हाईक परत येतं, भांडायला. आणि तू त्याच लाकडाला बोलतं करतेस." त्यांनी हातातला तारेचा आकडा बाकावर ठेवला. "हे काम नाही. मी चुकत होतो. ही कलाच आहे."

सूनबाईला हे ऐकायला दोन वर्षं लागली होती, आणि आता ऐकताना तिला ते पटेना. तिच्या डोळ्यांसमोर न दिसणाऱ्या जागी अर्धा केस सरकणारी ती बोटं होती. "कामच आहे, बाबा," ती म्हणाली. "नुसतं काम. आज तुम्ही केलंत म्हणून झालं."

इतके दिवस चाललेला वाद असा मिटला, की दोघांनी बाजू बदलल्या आणि तो जागच्या जागी पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सासूबाई उभ्या दिसल्या. आवाज वर पोचला होता. पदराने त्या डोळे टिपत होत्या.

"करंगळी लागली का?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "लागली."

परीक्षेला ती वेळेत पोचली. परीक्षक पडद्याआड बसले होते, वाजवणारा कोण हे न बघता नुसतं ऐकण्यासाठी. सूनबाई व्यासपीठावरच्या खुर्चीत बसली आणि खुर्ची कुरकुरली. ती जराशी डावीकडे झुकली. कुर्र. तिने एवढं लक्ष एरवी दिलं नसतं, पण आज तिला तिथलाही सांधा दिसला. ती उठली, खुर्ची उलटी केली, चपलेच्या टाचेने सैल झालेला सांधा आत ठोकला, फटीत रुमालाची कड दाबून बसवली. पडद्यापलीकडे गेले ते फक्त दणके.

"तिकडे काय चाललंय?" पलीकडून आवाज आला.

"खुर्ची बोलतेय. झालंच."

"तुम्ही सुतार आहात का?"

"माहेरची नाही," सूनबाई म्हणाली, "सासरची."

पडदा हसला. आणि मग तिने गज उचलला, तशी तो पडदा बराच वेळ हललाही नाही.

खुर्ची तिला मिळाली. संध्याकाळी ही बातमी तिने कारखान्याच्या दारातच सांगितली तेव्हा सासऱ्यांनी आधी विचारलं की खुर्ची पक्की होती ना, आणि ती आता पक्की आहे म्हटल्यावर तोंड फिरवून रंध्याच्या पात्याला उगाचच फुंकर मारली. वर पाळणा कुरकुरत होता. नवरा कामावरून आला होता आणि पोरीला झोके देत होता. तो दोघांच्या बाजूने सारखाच खूश होता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक डुलती आरामखुर्ची घेऊन आलं. वडिलांची खुर्ची, त्याने सांगितलं, मजबूत आहे, पण डोलवली की फार वाजते, तेवढा आवाज घालवून द्या. सासऱ्यांनी खुर्ची जमिनीवर ठेवली. एकदा डोलवली. मग गुडघ्यांवर बसून तिच्या हाताला कान लावला आणि पुन्हा डोलवली. त्यांनी सुनेकडे वळून बघितलं. तिने ऐकून मान हलवली.

"आवाज घालवतो," सासरे गिऱ्हाईकाला म्हणाले. "पण आधी घरी जा आणि विचारून या. या आवाजावर कोण झोपतं?"