एकोणीस ब्लाउजांची वसुली

ढोकीत शिवकांताचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पैसा देणं सोपं, परत काढणं अवघड. आपल्याला दोन्ही जमतंय." हे ती समोरच्याच्या हातात चहाची कपबशी देऊन सांगायची, त्यामुळं समोरचा बहुतेक करून मान हलवायचा. खरं सांगायचं तर तोवर तिनं जन्मात कुणाला फुटकी कवडी उसनी दिली नव्हती. पण असल्या बारीकसारीक गोष्टीनं माणसाचा आत्मविश्वास थोडाच कमी होतोय.

तिचा नवरा शिवानंद आण्णासाहेबांच्या ट्रॅक्टरच्या सुट्या पार्टांच्या दुकानात मुनीम होता. सोळा वर्षं गल्ल्याची चावी त्याच्या कमरेच्या कडदोऱ्याला, आणि सोळा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडं न्हाय. घरातही त्याचा एकच नियम. उसनं घ्यायचं न्हाय आणि द्यायचं तर मुळीच न्हाय. "उसनवारीत पैसा जातो आणि माणूसबी जातंय," असं तो जेवताना अधूनमधून सांगायचा. शिवकांता व्हय म्हणायची आणि भाकरी वाढायची.

दिवाळी सरली, तुळशीची लग्नं लागली आणि गल्लीच्या टोकाला ब्लाउज शिवणाऱ्या फरिदाबीचं मशीन ऐन लग्नसराईत बसलं. नव्याला सहा हजार कमी पडत होते. ती शिवकांताच्या ओट्यावर येऊन रडली. शिवकांतानं ज्वारीच्या कोठीत हात घातला आणि घरगुती पिठाच्या गिरणीसाठी साठवलेले सहा हजार काढून दिले. ते पैसे शिवानंद गुढीपाडव्याला गिरणी घेताना मोजणार होता.

"भाभी, एकदम न्हाय जमायचं," फरिदाबी डोळे पुसत म्हणाली. "पण बुडवायची न्हाय. रमजान लागायच्या आत फेडते."

"एकदम कोण मागतंय? रोज पन्नास द्या. थेंबे थेंबे तळं साचतं. फक्त आमच्या ह्यांना कळू देऊ नका."

फरिदाबी वक्ताची पक्की. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर सात वाजता ती मुठीत पन्नासची नोट घेऊन दारात उभी, आणि शिवानंद नेमका तेव्हाच जेवायला बसलेला.

"साखर पाहिजे व्हय, फरिदाबी?" शिवकांतानं घाईनं विचारलं.

फरिदाबी जन्मात खोटं बोलली नव्हती. तिनं दोनदा पापण्या मिटल्या, "व्हय" म्हणाली, साखरेची वाटी घेतली आणि नोट ओट्यावर ठेवून गेली. मग रोज सातला हेच. चौथ्या दिवशी ती सकाळीच आली आणि सगळी साखर पिशवीत भरून परत देऊन गेली. "डोक्यावर एक कर्ज बस झालं, भाभी. साखरेचं नको." संध्याकाळी शिवकांतानं तीच साखर पुन्हा वाटीत घालून दिली.

सहाव्या दिवशी शिवानंदानं घास हातात धरून विचारलं, "साखर कारखान्याच्या गावात राहून ह्या बाईला रोज साखर कशी संपतीय? उद्या येताना मीच तिला पाच किलो आणून देतो. तिचा हेलपाटा तरी वाचंल."

शिवकांतानं त्या रात्रीच योजना बदलली.

"रोकड बंद," तिनं सकाळी फरिदाबीला सांगितलं. "तीनशे आले, सत्तावन्नशे राहिले. तुमची अस्तराच्या ब्लाउजाची शिलाई तीनशे. मला एकोणीस ब्लाउज शिवून द्या, हिसाब मिटला. आठवड्याला दोन."

"एकोणीस? घालणार कोण?"

"मी. शिलाई काय कुणाला चुकलीय? तुमाला दिली काय आन् वाचवली काय, एकच."

हिशेबात तसं खोट काढायला जागा नव्हती. फक्त शिवकांता वर्षाला दोनच ब्लाउज शिवायची.

आता कुठल्याही बाईची ट्रंक उघडा, तळाशी ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांची चळत सापडणार. ते पीस कुणी शिवत नसतं. एका ओटीतून निघायचं, दुसऱ्या ओटीत जायचं आणि तीन-चार वर्षांनी गावभर फिरून पुन्हा आपल्याच ट्रंकेत यायचं. शिवकांतानं हा चालत आलेला रिवाज मोडला. सात पीस निघाले, महिनाभरात सात ब्लाउज झाले, आणि काय बसले म्हणता! फरिदाबी जीव ओतून शिवत होती, कारण हप्त्यात खोट ठेवणं तिला पटत नव्हतं.

सातांतल्या तीन ब्लाउजांवर घरच्या जुन्या साड्या गेल्या. चार उरले. नुसता ब्लाउज घालून बाईमाणूस काही बाजारात जात न्हाय. शिवकांता नारंगी ब्लाउज पदराआड धरून नंदीशच्या साडीच्या दुकानात गेली.

"वैनी, ह्याच्यासाठीच जणू विणलीय बघा," नंदीशनं साडी उलगडली. "सातशे. आन् पैशाचं काय एवढं? थोडं थोडं देत राव्हा."

चारही ब्लाउजांना साड्या झाल्या. एव्हाना ट्रंक रिकामी पडली होती. मग फरिदाबीच दारात येऊन उभी राहायला लागली. "भाभी, कापड द्या. माझा हप्ता थकतोय." देणेकरी घेणेकऱ्याच्या दारात तगादा लावतोय, हे ढोकीनं प्रथमच बघितलं. शिवकांता पुन्हा नंदीशकडं गेली, आणि त्यानं तिला एक मोठी सोय दाखवली: नव्या साडीला ब्लाउजपीस जोडूनच येतं. म्हणजे एका साडीत एक हप्ता वसूल. शिवकांताला हे फारच पटलं. संक्रांतीपर्यंत अशा आणखी अकरा साड्या आल्या. वसुली इतकी सुरळीत चालली होती की तिला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

शिवानंदाला यातलं काही दिसलं न्हाय. बायको काय नेसलीय हे बघायची त्याला सवय नव्हती. साखर मागणं बंद झालं, एवढंच त्याच्या लक्षात आलं होतं.

लक्ष होतं ते आण्णासाहेबांच्या बायकोचं. हळदीकुंकवाला तिनं शिवकांताला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रात्री नवऱ्याला म्हणाली, "मालकिणीच्या अंगावर मागच्या सालची साडी, आन् मुनिमाच्या बायकोला दर आठवड्याला नवी. काय कळत न्हाय बाई."

दुसऱ्या दिवशी आण्णासाहेबांनी दिवाळीपासूनच्या वह्या काढायला लावल्या. तीन दिवस ते चष्मा लावून बसले. चौथ्या दिवशी संध्याकाळी शिवानंद घरी आला आणि ताटावर बसलाच न्हाय.

"चावी मागून घेतली आण्णांनी," तो म्हणाला. "वह्यांत काही सापडलं न्हाय. तरीबी मागून घेतली. सोळा वर्षं झाली मला."

"पण का?"

"तुझ्या साड्यांपायी म्हणे. तुझ्याकडं कुठल्या गं साड्या?"

आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यानं बायकोच्या साडीकडं नीट बघितलं. ती त्या दिवशी पंधरावी नेसली होती.

शिवकांतानं वाढलेलं ताट बाजूला सारलं. तिनं कोठीपासून नंदीशपर्यंत सगळं सांगितलं. शिवानंद रागावला असता तर बरं झालं असतं. कडदोऱ्याला चावी नव्हती, तिथं त्याचा हात सारखा जात होता. ते बघून तिला रात्रभर झोप लागली न्हाय.

सकाळी दुकान उघडताच ती आण्णासाहेबांपुढं उभी राहिली. सोबत फरिदाबी. ऑइल फिल्टर बाजूला सारून तिनं काउंटरवर गाठोडं सोडलं आणि अठरा ब्लाउज ओळीनं मांडले. नांगराचे फाळ घ्यायला आलेली दोन माणसं तशीच बाहेर जाऊन उभी राहिली.

"आण्णा, ही माझी वसुली," ती म्हणाली. "ह्यांचा एक पैसा ह्यात न्हाय." आणि हप्ते न् साड्या टिपून ठेवलेली आपली वही पुढं केली.

आण्णासाहेबांनी वही वाचली. मग कॅल्क्युलेटर ओढला. मग पुन्हा वही वाचली.

"म्हणजे बाई, सहा हजार वसूल करायला तुमी साडेदहा हजाराच्या साड्या घेतल्या?"

"व्हय."

"त्यातले नंदीशचे नऊ हजार अजून द्यायचे हायती?"

"व्हय. पण माझे सहा हजार बुडले न्हाईत, आण्णा." एवढं बोलून ती काउंटरवरच रडायला लागली.

आण्णासाहेब उठले, गल्ल्यातून चावी काढली आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या शिवानंदाच्या हातात ठेवली. "चुकलं माझं, मुनीमजी. एवढा अवघड हिशेब तुमाला जमणारा न्हाय, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं."

नंदीशच्या पैशाची वाट फरिदाबीनंच काढली. शिवकांताच्या अंगावरचे ब्लाउज बघून तिच्याकडं येडशीपासून बायका यायला लागल्या होत्या आणि हुकं लावायला तिला हात पुरत नव्हते. "भाभी, माझ्याकडं बसा. एका ब्लाउजाची हुकं आन् हातशिलाई दहा रुपये. रोज पाच झाले तरी पन्नास. ते थेट नंदीशला." आणि मग अगदी मनापासून म्हणाली, "थेंबे थेंबे तळं साचतं."

शिवकांतानं मान खाली घालून सुईत दोरा ओवला. पाडव्याची गिरणी पुढच्या पाडव्यावर गेली, आणि नवी साडी घेणार न्हाय अशी शपथ तिनं शिवानंदाच्या चावीवर हात ठेवून घेतली.

एकोणिसावा ब्लाउज तेवढा राहिला होता.

"माफ केला म्या," शिवकांता कळवळून म्हणाली.

"तसं चालत न्हाय, भाभी. रमजान आलाय. कर्ज डोक्यावर ठेवून रोजा धरवत न्हाय." फरिदाबीनं पदरचं कापड घालून ब्लाउज शिवला आणि सातच्या ठोक्याला आणून दिला. पोपटी, काठाला मरून पट्टी. शिवकांतानं तो उजेडात धरला. असला ब्लाउज उभ्या ढोकीत कुणाकडं नव्हता.

"आपल्या जुन्या पिवळीवर जाईल की," शिवानंद ताटावरूनच म्हणाला. आताशा तो बघायला लागला होता.

"जाईल तर. नवी कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती नंदीशला रोजचे पन्नास द्यायला गेली. ब्लाउज पिशवीत होता, सहज.

"नुसती बघायला आले," ती म्हणाली.

नंदीशनं साडी उलगडली. पोपटी काठ, मरून अंग. "साडेआठशे, वैनी. थोडं थोडं देत राव्हा."

शिवकांतानं मनातल्या मनात हिशेब केला. साडेआठशे म्हणजे पंच्याऐंशी ब्लाउजांची हुकं.

"बांधा," ती म्हणाली. "पण ह्याच्यातलं ब्लाउजपीस कापून तुमच्याकडंच ठेवा."