एस्तेरआक्काचं मेज

एस्तेरआक्काच्या लेखी माणूस म्हणजे चार मनुका. काळ्या, बियांच्या, निपाणीच्या बाजारातून तिनं स्वतः निवडून आणलेल्या. आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन घेणारी माणसं चाळीस, म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आक्काच्या पातेल्यात मनुका पडायच्या एकशे साठ. त्या धुवायच्या, कुस्करायच्या, मंद आचेवर उकळायच्या आणि पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. तो काळसर, गोड रस दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात प्याल्यात येई. विलायतेत यासाठी खरा द्राक्षारस वापरतात म्हणे, पण आमच्याकडे आक्काचा रस होता आणि त्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती.

कारण पातेलं चुलीवर चढण्याआधी आक्का मनुकांची पुरचुंडी घेऊन ख्रिस्ती वस्तीत घरोघर फिरायची. दारात उभी राहायची, आपलं हाडकुळं बोट समोरच्याच्या छातीवर टेकवायची आणि विचारायची, "आत काय हाय?"

"काय न्हाय, आक्का."

"भावासंगं बोलतोस?"

"बोलतो की."

"कवा बोललास?"

इथं माणूस जरा अडखळला की संपलं. आक्का त्याच्या डोळ्यांदेखत चार मनुका मोजून बाजूला काढायची आणि पदराच्या दुसऱ्या टोकाला गाठ मारून ठेवायची. "मिटलं की सांगायला ये. मग घालीन."

मग दिवेलागणीच्या आत ते दोघं भाऊ आक्काच्या दारापुढनं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोनदोनदा जायचे आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात एकमेकांच्या बैलांची चौकशी करायचे. आक्का आतून म्हणायची, "जवळ या. डोळ्यांत बगू द्या." डोळ्यांत पाहून तिला पटलं, तर मनुका पातेल्यात.

वाचकांपैकी बरेचजण आमच्या धर्मातले नसतील, म्हणून दोन शब्द सांगतो. प्रभूनं मरणाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं. भाकर मोडून वाटली, प्याला फिरवला आणि माझी आठवण म्हणून हे करत जा, असं सांगितलं. तेच आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो. पुढं एक मेज मांडतात, त्यावर पांढरं कापड, भाकर आणि एकच प्याला. तो प्याला बाकांवरून हातोहात फिरतो. सगळे एकाच ताटातले, एकाच घरचे, असा त्याचा अर्थ. म्हणूनच मनात कुणाविषयी अढी ठेवून त्या मेजाशी यायचं नाही. आधी मिटवायचं, मग जेवायचं. अढी ठेवून जो खातो-पितो, तो आपल्यावर शिक्षा ओढवून घेतो, अशी शिकवण आहे.

आमच्यासारखे लोक ही शिकवण ऐकतात आणि घरी जातात. आक्का ती ऐकून घाबरली होती, आणि तिची भीती साऱ्या वस्तीला पुरून उरायची. तिच्यापाशी दाखले तयार असायचे. अमका मेव्हण्याशी अबोला धरून भाकर खाऊन आला, मंगळवारी गाडीखाली सापडला. तमकी सासूला शिव्या देऊन प्याल्याला तोंड लावून आली, महिन्यात तिची दातखीळ बसली. मी एकदा म्हटलं, "आक्का, गाडीखाली हिंदू माणसंही सापडतात." तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, मेजाशी मस्करी न्हाय."

मी बेळगावचा. मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून निपाणीला नवा आलेला, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. पहिल्याच शनिवारी आक्कानं माझ्या छातीवर बोट टेकवलं. त्या सकाळी आमटी खारट झाल्यावरून मी बायकोला नको ते बोललो होतो. मी "काही नाही" म्हणालो, पण कसं कोण जाणे, बोट हललं नाही. शेवटी मला आत जाऊन बायकोची माफी मागावी लागली. आक्का उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. बायकोला तो प्रसंग इतका आवडला, की पुढं दर महिन्याच्या त्या शनिवारी ती आक्काची वाट बघायची.

देवळातली उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी वर्षभरात मला मंडळीचा सेवक केलं आणि प्याला फिरवायचं काम दिलं. प्याला धरायला लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आक्का सगळ्यांसाठी रस काढायची, पण स्वतः कधी घ्यायची नाही. तिच्या चार मनुका नऊ वर्षांत पातेल्यात पडल्याच नव्हत्या. शेवटच्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला ती खाली मान घालून बसायची आणि दाराकडच्या टोकाला तिची थोरली जाऊ मार्थाबाई, तीही तशीच. मी प्याला घेऊन त्या बाकापर्यंत जायचो आणि दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेला वळसा घालून परत यायचो.

दोघीही विधवा, दोघींनाही मूलबाळ नाही, घरं भिंतीला भिंत लागून. मार्थाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला. नऊ वर्षांपूर्वी प्रभुभोजनात प्याला आक्काकडून मार्थाबाईकडे गेला. आक्कानं डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले, तर शेजारी मार्थाबाई पदरानं प्याल्याची कड पुसत होती. घासून घासून पुसत होती. आक्काचं उष्टं तिला चाललं नाही, तेही प्रभूच्या मेजावर. त्या दिवसापासून आक्का तिच्याशी बोलली नाही. मिटवायचं मनात यायचं, पण राग जाता जात नव्हता, आणि राग पोटात ठेवून मेजाशी यायची तिला भीती वाटायची. त्याहून मोठी भीती अशी, की एक दिवस असंच, न जेवता मरण येईल. हे तिनं मला एकदाच सांगितलं, मनुका निवडता निवडता. म्हणाली, "सगळी आत जेवाय बसतील आनि म्या भाईर." मी हसण्यावारी नेलं. नको होतं न्यायला.

मग निपाणीत प्लेगचे उंदीर पडायला लागले. आधी वखारींत, मग घरांत. आठवड्यात पेठ ओस पडली आणि माणसं माळावर झोपड्या घालून राहायला गेली. ख्रिस्ती वस्तीही गेली. माझी बायको आठ महिन्यांची गरोदर होती आणि मी दिवसातून दहादा तिच्या काखेत, जांघेत गाठ नाही ना हे विचारून तिला भंडावून सोडायचो. रात्री स्वतःचीही चाचपून बघायचो. त्या महिन्यात चिंचेखाली उपासना झाली, तेव्हा पाळकसाहेबांनी प्रभुभोजन ठेवलंच नाही. एका प्याल्याला चाळीस तोंडं लावायला कुणी तयार नव्हतं आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मीच त्यांच्या कानात तसं बोललो होतो.

एका दुपारी मार्थाबाईला गाठ आली. म्युनिसिपालिटीच्या माणसांनी तिला बोरगावच्या वाटेवरच्या पत्र्याच्या छपरीत नेऊन ठेवलं. तिथं गेलेलं माणूस परत आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. तिनं निरोप धाडला, पाळकसाहेबांनी भाकर आणि प्याला घेऊन यावं.

पाळकसाहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, प्याला तुमच्याकडं असतो. येता का?" नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "येतो" म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही रस घ्यायला आक्काच्या झोपडीशी गेलो. तिनं तो काढून बाटलीत भरूनच ठेवला होता. बाटली माझ्या हातात दिली. कुणाला काही विचारलं नाही, कुणाच्या छातीवर बोट ठेवलं नाही. आम्ही चालायला लागलो, तर पन्नास पावलांवरून ती मागं येत होती.

छपरीत चुन्याचा आणि आणखी कशाचा तरी वास भरलेला होता. मार्थाबाई चटईवर पडली होती, डोळे तांबारलेले. पाळकसाहेबांनी फळीवर रुमाल पसरला, भाकर ठेवली, मी प्याल्यात रस ओतला. मार्थाबाईनं मान हलवली.

"न्हाय जमायचं, साहेब. एस्तेर बोलत न्हाय माज्यासंगं. अशी कशी खाऊ? मला भ्या वाटतंय."

पाळकसाहेब दाराशी गेले. आक्का बाहेर बाभळीखाली बसली होती. ती उठली, आत आली, मला वाटलं उंबऱ्याशी थांबेल, पण ती सरळ चटईपाशी गेली, खाली बसली आणि तिनं मार्थाबाईच्या छातीवर बोट टेकवलं.

"आत काय हाय?"

मार्थाबाईला धाप लागली होती. "मशेरी," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिशी मशेरी लावलीवती मी. चूळ भरली, तरी ऱ्हायली व्हटाला. प्याल्याच्या कडंला काळं लागलं. तू डोळं मिटलंवतंस. मी पिऊन झाल्यावर माजंच काळं पुसलं, एस्तेर. तुजं न्हाय."

आमच्या पाळकसाहेबांचा नियम कडक होता. तंबाखू खाणाऱ्याला, मशेरी लावणाऱ्याला मेजाशी जागा नाही. वखारीत जन्म काढलेल्या बाईला तो पाळणं काय जमणार, हे त्या क्षणापर्यंत आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पाळकसाहेबांनी मान खाली घातली.

आक्का म्हणाली, "नऊ वरसं. मशेरीपायी."

"सांगितलं असतं तर मेजावरनं उठवलं असतं मला."

"आनि न सांगता कुटं बसलीवतीस? माज्याच बाकावर न्हवं?"

मार्थाबाई हसली. हसताना तिला कळ आली आणि ती रडायला लागली. आक्कानं पदरानं तिचं तोंड पुसलं, त्याच पदरानं आपलं पुसलं. मी मनात म्हणत होतो, अगं नको, हात लावू नकोस.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. प्याला घेतला, तेव्हा मोठ्या विचारानं तो आधी आक्कापुढं धरला. निरोग्यानं आधी, आजाऱ्यानं शेवटी, एवढं शहाणपण त्यांनी राखलं होतं. आक्कानं हात जोडून मागं घेतले. "थोरली ती हाय. आदी तिला."

मार्थाबाई प्यायली. आक्कानं प्याला तिच्या हातातून घेतला, फिरवला नाही, पुसला नाही, ती प्यायली होती त्याच कडेला तोंड लावलं. नंतर पाळकसाहेब प्यायले. त्यांनी डोळे मिटले होते. आणि मग प्याला माझ्याकडे आला.

तळाला घोटभर रस राहिला होता. आमच्यात तो टाकून देत नाहीत. सांडायचा नाही, परत बाटलीत ओतायचा नाही, सेवकानं पिऊन संपवायचा. मी प्याला धरून उभा राहिलो. कडेवर ओल दिसत होती. शाळेत पोरांना धैर्यावर निबंध सांगणारा मी, मला त्या घोटाची भीती वाटली. पिऊ नये तर मेजाचा अपमान, प्यावं तर घरी बायको. पाळकसाहेब माझ्याकडे बघायचं टाळत होते.

आक्का उठली. मला वाटलं, आता ती बोट टेकवणार आणि माझ्या आत काय आहे ते सगळ्यांना कळणार.

"आन हिकडं," ती म्हणाली आणि प्याला माझ्या हातातून काढून घेतला. "तू न्हाय प्यायचंस. बायको अवघडलेली हाय तुजी. प्रभूला काय सांगायचं ते मी सांगीन."

तोवर तिनं मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. तिनं तो घोट पिऊन टाकला, प्याला रुमालात गुंडाळला आणि उकळत्या पाण्यातनं काढल्याशिवाय घरात नेऊ नका, असं पाळकसाहेबांना बजावलं.

मार्थाबाई तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. तोवर आक्का तिच्यापाशी होती. नंतर ती वस्तीत आली नाही. माळाच्या पार टोकाला तिनं एकटीसाठी चार कुडाच्या ताट्या उभ्या केल्या आणि बारा दिवस तिथं राहिली. मी रोज संध्याकाळी भाकरी नेऊन एका दगडावर ठेवायचो आणि मागं सरायचो. ती लांबून हाक द्यायची, "मास्तर, बायको बरी हाय न्हवं?" मी म्हणायचो, "बरी आहे." "साहेब?" "तेही बरे आहेत." मग ती पुढं येऊन भाकरी उचलायची.

साथीतून आक्का वाचली, आम्हीही वाचलो. माझी थोरली मुलगी माळावरच जन्मली आणि आक्काच्या मांडीवर वाढली. पण ते बारा दिवस माझ्या मनातून जात नाहीत. ती रोज माझ्या घरच्यांची चौकशी करत होती आणि मी रोज सगळे बरे असल्याची उत्तरं देत होतो. तिला कसं वाटतंय, हे मी एकदाही विचारलं नाही. ती काय सांगेल याची मला भीती वाटत होती.