पुसलेले फोटो परत मिळतील

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ‘एकही फोटो नाही’ अशी अक्षरं आली, तेव्हा तपासनीसांच्या दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर सासरे होते.

"मग? कसे आलेत फोटो?"

"छान आलेत," तपासनीस म्हणाले.

रंगाच्या कारखान्यात माल तपासून त्यावर शिक्का मारणं हे त्यांचं काम. डबा उघडून बघितल्याशिवाय आतल्या रंगाबद्दल चांगलं-वाईट बोलायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. तो त्यांनी घरात उभ्या उभ्या मोडला आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आदल्या दिवशी, रविवारी, सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला होता. त्यासाठी पाचही भावंडं कित्येक वर्षांनी एकत्र आली होती. थोरली आत्या तर गुडघे धरत दोन विमानं बदलून आली होती. पुन्हा असं जमणं व्हायचं नाही हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी ते बोलत नव्हतं. मेहुणा फोटो काढायला सरसावला, तेव्हा सासऱ्यांनी त्याला हातानंच थांबवलं होतं. "तुझ्या फोटोत बाकीचे कमी आणि तूच जास्त असतोस. सगळ्यांनी मोबाईल खिशात ठेवा. जावईबापू काढतील. ते काम नीट करतात."

नीट काम करणाऱ्या जावईबापूंनी आता कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. कार्ड काढलं, पुसलं, घातलं. कॉम्प्युटरला लावून पाहिलं. कार्ड कोरं होतं. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच ते कॉम्प्युटरवर मोकळं केलं होतं, कारण कॅमेरा चार लोकांच्या हातात जाणार होता आणि कार्डावर जे होतं ते बायकोलाही माहीत नव्हतं. पण नंतरचे फोटो कुठे गेले?

"अहो, कार्ड फुंकताय काय?" बायको म्हणाली. "चहा आहे का तो?"

"धूळ बसलीय."

बायकोशी बोललेलं हे त्या दिवशीचं पहिलं खोटं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं तेव्हा फोटो ‘मोठे करायला’ गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा अल्बम व्हायला लागला. त्यात काही पानं जाड असणार होती, असंही तपासनीसांच्या तोंडून निघून गेलं. जाड पानांची गोष्ट कुणी विचारलीही नव्हती.

"अल्बम राहू दे सावकाश," सासरे म्हणाले. "आम्हा पाचांचा एक तेवढा आधी द्या. आत्या उद्या निघतेय, तिला बरोबर न्यायचाय. आणि इथे मी खिळासुद्धा ठोकून ठेवलाय. भिंतीवर नुसता खिळा वाईट दिसतो हो."

"उद्या सकाळी आणतो."

"तुम्ही कशाला? आम्हीच दुकानात जातो. आत्याला निवडायचाय. कुठलं दुकान म्हणालात?"

तपासनीस काहीच म्हणाले नव्हते. कारखान्याच्या वाटेवर एक पाटी रोज दिसायची, ‘पुसलेले फोटो परत मिळतील’. त्यांनी त्या दुकानाचा पत्ता सांगितला, आणि सगळे यायच्या आत काहीतरी व्हावं म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभे राहिले.

दुकान अरुंद होतं. काचेचा काउंटर, एक स्टूल, आणि गिऱ्हाइकाला विश्वास वाटावा म्हणून बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेला भला मोठा पडदा. दुकानदारानं कॅमेऱ्यातून कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं.

"घाबरू नका, साहेब. पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. वर नवीन काही लिहिलं नसेल, तर खाली सगळं तसंच असतं. एकूण एक परत येतं."

"एकूण एक?" तपासनीसांनी विचारलं. आवाज जरा उंच गेला. "फक्त रविवारचे नाही आणता येणार?"

"निवडून नाही येत हो. आले की सगळे येतात."

आणि ते यायला लागले. पडद्यावर एक फिकट गोल उमटला, भोवती काळी कड. शेजारी तसाच दुसरा. मग तिसरा. ओळ भरली, दुसरी ओळ सुरू झाली. प्रत्येक गोलाखाली एक स्टीलची पट्टी काटेकोर आडवी धरलेली होती.

"खोदकाम खात्यात आहात का?" दुकानदारानं आदरानं विचारलं. "ते लोक असं पट्टी ठेवून फोटो काढतात."

"बंद करा," तपासनीस म्हणाले. "आधी ते बंद करा."

तेवढ्यात दार उघडलं. पुढे सासरे, त्यांचा हात धरून आत्या, मागे बायको आणि मेहुणा.

आत्यानं चष्मा सावरला. "हा चंद्र का?"

"चंद्राला पट्टी कोण लावेल, आत्या?" मेहुणा पुढे सरकला. "खाली तारखा आहेत बघ. दर आठवड्याला एक."

"दर शनिवारी," बायको सावकाश म्हणाली. "दर शनिवारी हे कॅमेरा घेऊन बाथरूममध्ये जायचे. मी विचारलं, तर म्हणे लेन्सवर वाफ धरते का बघतोय." ती पडद्याजवळ गेली. "कानामागचा तो तीळ मी कुठेही ओळखेन. अहो, हे तुमचं डोकं आहे!"

मेहुण्याला हसू आवरेना. "भावजी, निकाल काय मग? पास की नापास? शिक्का कुठेय?"

तपासनीसांचे कान तापले होते. ते हसण्यावारीही नेता आलं असतं, पण सासरे पडद्यावरची एकेक ओळ बघत पुढे जात होते आणि थांबून म्हणाले, "आमचे कुठे आहेत?"

"नाहीत," तपासनीस म्हणाले. "एकही नाही. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. मोठे करायला दिले नव्हते, अल्बम नव्हता, काही नव्हतं. खोटं बोललो."

मेहुण्याचं हसणं थांबलं. आत्या स्टुलावर बसली. "म्हणजे आम्हा पाचांचा..."

तपासनीस काउंटरच्या काचेकडे बघत उभे राहिले. काचेतही त्यांचंच डोकं दिसत होतं.

दुकानदार तारखा चाळत होता. "पण साहेब, रविवारी या कार्डावर काही लिहिलंच गेलेलं नाही. कार्ड तेव्हा कॅमेऱ्यात होतं का?"

"कुठलं?" बायको म्हणाली. "ते कॉम्प्युटरशेजारी पडलं होतं. सोमवारी सकाळी आवरताना मीच आत घातलं. मला वाटलं, यांनी बघायला काढलं असेल."

"मग काढा तो कॅमेरा," दुकानदार म्हणाला.

त्यानं कार्डाशिवायच बटण दाबलं. "कॅमेऱ्याची स्वतःची थोडी जागा असते. कार्ड नसलं की तिथे लिहितो. आणि कार्ड घातलं की तो फक्त कार्डच दाखवतो. मालकाला वाटतं, गेले."

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाच म्हातारी माणसं दाटीवाटीनं एका सोफ्यावर बसली होती. धाकट्यानं ऐन वेळी डोळे मिटले होते. आत्याचं तोंड काहीतरी बोलताना उघडं राहिलं होतं आणि बाकीचे तिघं त्यावर हसत होते. आत्यानं कॅमेरा हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही.

"डोळे मिटलेत याचे," मेहुणा म्हणाला.

"लहानपणापासून मिटतो तो," आत्या म्हणाली. "हाच हवा."

प्रती किती, आकार काय, यावर काउंटरपाशी वाद सुरू झाला. तपासनीस दाराकडे सरकले. आता कुणी रागावलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. रागावायला सासरेच मागोमाग आले. त्यांनी आधी वळून बघितलं. सगळे कॅमेऱ्यावर वाकलेले होते.

"तेल कोणतं?" सासऱ्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"अं?"

"डोक्याला लावता ते."

"हिरव्या बाटलीतलं," तपासनीस पुटपुटले. "सकाळ-संध्याकाळ."

"फरक?"

"काहीच नाही. पट्टीनं मोजलं. उलट टक्कल थोडं वाढलंय."

सासऱ्यांनी टोपी काढली. खाली केस नावालाही नव्हता. तळहातानं त्यांनी डोकं एकदा पुसलं आणि टोपी परत घातली.

"तुम्ही मोजून बघितलंत हे बरं केलंत," ते म्हणाले. "तुमच्या लग्नाच्या आधीपासून मी तेच नुसतं विश्वासावर लावतोय."