देवमासा बोलला, तो दिवस

"जेवायच्या आत गृहपाठ उडवते, मग तुम्ही म्हणाल तितका वेळ संग्रहालय बघू," असं पिल्लूनं सकाळी बाबांना छातीठोकपणे सांगितलं. पिल्लू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, बाबांपेक्षा वीतभर उंच होती, पण घरात तिचं नाव काही मोठं झालं नव्हतं.

गृहपाठ कोडिंगचा होता आणि दिसायला सोपा. फोननं कान द्यायचा, आवाज आला की एक वाक्य बोलायचं. वाक्यासाठी तिनं बाबांना धरलं. बाबा अंगानं किरकोळ आणि स्वभावानं भिडस्त, पण आवाज मात्र सेनापतीचा. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात त्यांनी "वरची ओळ वाचा" म्हटलं की गिऱ्हाईक खुर्चीतून उठून उभं राहून वाचायचं. लाजत लाजत ते फोनमध्ये म्हणाले, "कोण आहे तिकडे? जवळ या."

बस्स. तिथून पुढे फोननं मौन धरलं.

पिल्लूनं टाळ्या वाजवल्या. ताटावर डाव आपटला. शेजारच्या खोलीत आईचं शिलाई मशीन धडधडत होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं, तरी फोन ढिम्म.

"त्याचा आवाज वाढवून बघ," आई म्हणाली. पिल्लूनं होता तेवढा वाढवला. फोन ढिम्मच. दुपार कलायला लागली तशी पिल्लू रडकुंडीला आली.

"राहू दे, आल्यावर बघ," बाबा पायात चपला सरकवत म्हणाले. त्यांना आठवड्याची एकच सुट्टी. "रात्रीपर्यंत पाठवायचंय ना?"

पिल्लूनं तणतणत फोन तसाच पिशवीत टाकला. प्रोग्राम बंद करायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. मेलेल्याला कोण बंद करत बसतं?

संग्रहालयाच्या पहिल्या दालनांत शाळेच्या मुलांचा नुसता बाजार भरला होता. वैतागलेली पिल्लू नाणी आणि भांडी न बघताच पुढे निघाली. टोकाचं जाड दार ढकलून दोघं आत गेली, दार मागे लागलं आणि सगळा गलका सुरीनं कापावा तसा तुटला.

वर देवमाशाचा सांगाडा टांगलेला होता.

पिल्लूची मान वर गेली ती खाली येईना. जबड्यात त्यांचं स्वयंपाकघर सहज मावलं असतं, ओट्यासकट. बरगड्या अशा की खालून चालताना एखाद्या देवळात शिरल्यासारखं वाटावं. हा एवढा जीव कधीतरी पाण्यात पोहत होता, श्वास घेत होता, याच जगात. गृहपाठ, मशीन, वरच्या मजल्यावरची भोकं, सगळं तिच्या मनातून गळून पडलं. आत आणखी पाचसात माणसं होती, तीही वर बघत चिडीचूप उभी होती.

"कोण आहे तिकडे?" देवमासा म्हणाला. "जवळ या."

आवाज घुमटात घुमला आणि बरगड्यांमधून खाली उतरला. कुणी श्वाससुद्धा घेईना.

"कोण आहे तिकडे? जवळ या."

"अहो," एका आजींनी शेजारच्या आजोबांचा दंड धरला, "तो बोलावतोय."

"आत काहीतरी बसवलं असेल त्यांनी," आजोबा पुटपुटले, पण मुकाट्यानं पुढे सरकले. सगळेच सरकले. पिल्लूच्याही अंगावर काटा आला होता. तेवढ्यात पहारेकरी आत आला आणि दार पुन्हा मागे लागलं.

"कोण आहे तिकडे?"

पहारेकऱ्यानं टाचा जुळवल्या. "मी आहे, साहेब. पहाऱ्यावरचा."

तेव्हा कुठे पिल्लूला कमरेशी पिशवी थरथरल्याचं जाणवलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रोग्राममधल्या 'पेक्षा जास्त'च्या खुणेचं तोंड उलटं पडलं होतं. आवाज झाला की बोलायचं सोडून फोन शांतता झाली की बोलत होता. आणि त्यांच्या घरात शांतता कधी होतीच कुठे?

ती पिशवीत हात घालून चाचपडू लागली. रुमाल, छत्री, पाण्याची बाटली, फोन सोडून सगळं हाताला लागत होतं. "कुणीतरी बोला हो," ती काकुळतीनं म्हणाली, "गप्प राहिलं की तो बोलतो!" हे ऐकून तर सगळ्यांची वाचाच बसली.

शेवटी भिडस्त बाबांनी घसा खाकरला. "मंडळी, घाबरू नका."

देवमाशाचाच आवाज एवढ्याशा माणसातून निघालेला ऐकून आजी मटकन बाकावर बसल्या.

फोन सापडला. पिल्लूनं कानकोंडी होऊन सगळं सांगितलं, सगळ्यांची माफी मागितली. आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग आजींच्या शेजारी बसून तिनं ती खूण सुलटी केली आणि तिथूनच गृहपाठ पाठवून दिला.

निघताना पहारेकऱ्यानं दोघांना दाराशी गाठलं. आता हाकलणार, या भीतीनं पिल्लूचा चेहरा उतरला. पण त्यानं आधी मागेपुढे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बाकी काही नाही. मी त्याला 'साहेब' म्हणालो, ते तेवढं कुठे बोलू नका."

"त्यात काय एवढं," बाबा तितक्याच हळू म्हणाले. "आवाज माझाच होता, तरी 'आलो आलो' करत मीही पुढे गेलो होतो."