घाटात थांबलेल्या तोफेचा वृत्तांत

ज्या प्रभूने परक्यांचे ओझे आपले म्हणून वाहिले त्याचे पायी मस्तक ठेवून, आणि पाहिले ऐकिले त्याहून अधिक लिहू नये इतकी बुद्धी मागून, लेखनास आरंभ केला ऐसा जे: शके सतराशे ऐंशी, कालयुक्तनाम संवत्सर, माघमासी एका राज्याचे राजपुत्राचा विवाह निश्चित जाहला, आणि महाराजांचे मनी आले की लग्नघटकेस डोंगरावरील किल्ल्यावरून तोफेची सलामी व्हावी. किल्ल्यावरील तोफा गंजून निकामी होत्या आणि चांगली तोफ काय ती शहरात होती, मग ती घाटाने वर न्यावी ऐशी आज्ञा जाहली. किल्लेदार हैबतराव यांनी नेहमीप्रमाणे खालच्या आळीवर वेठ लावली. वेठ म्हणजे मजुरी नाही, भाकर नाही, बोलावले की जावयाचे आणि सोडले की यावयाचे. हे त्या राज्यात इतके जुने होते की त्यास अन्याय म्हणणारा कोणी उरला नव्हता.

त्या आळीत काही घरे ख्रिस्ती जाहली होती. त्यांचे पाळक शिमोनराव, मोठे सज्जन, बोलणे मऊ, अक्षर उत्तम. त्यांनी मागील साली दरबारात अर्ज करून सनद मिळविली होती की ख्रिस्ती मंडळीस वेठ माफ असावी. सनद आली त्या दिवशी प्रार्थनामंदिरात गूळ वाटला, गीते म्हटली, आणि देवाने आपणांस दास्यातून सोडविले ऐसा उपदेश शिमोनरावांनी केला. परंतु किल्लेदारांनी आळीवरची माणसे काही कमी केली नाहीत. आळीने पूर्वी जितके हात द्यावे तितकेच द्यावे, मग ख्रिस्ती घरांच्या पाळ्या शेजारच्या घरांवर गेल्या, आणि ही गोष्ट प्रार्थनामंदिरात कोणी बोलले नाही.

रूथबाई म्हणून एक विधवा त्या मंडळीत होती, सुईणीचे काम करी. तिचा धाकटा दीर सोननाक याने धर्म बदलला नव्हता, तो भिंतीला भिंत लागून राहत असे. सोननाक आपली पाळी करून आला तो अंगात ताप, आणि दुसरे दिवशी पुन्हा बोलावणे आले. त्याची बायको साळू हिने शिपायास विनविले की आज राहू द्यावे. शिपाई म्हणाला, शेजारी सनदवाले आहेत, त्यांच्या बदली कोण जाईल. मग सोननाक गेला, आणि घाटाचे अवघड वळणावर तोफेचा गाडा मागे सरला, दोरावरची माणसे दुहेरी पाळ्यांनी थकलेली, गाडा आवरला नाही, आणि सोननाक चाकाखाली येऊन जागीच मृत्यू पावला.

शिमोनराव सांत्वनास गेले आणि धीराच्या चार गोष्टी बोलले. साळू रडत नव्हती. ती म्हणाली,

"पाळकबाबा, दोरावर तुमच्या माणसाच्या जागी तो उभा होता. तेवढं सांगा देवाला."

 शिमोनराव नमस्कार करून निघाले, आणि रूथबाई जावेपाशी बसून राहिली. ती मात्र पुष्कळ रडली, कारण दिराने तिच्या नवऱ्यामागे तिचे छप्पर शाकारले होते आणि तिच्या दारी लाकूडफाटा आणून टाकीत असे.

मग आदितवार आला आणि मंडळी जमली. शिमोनरावांनी शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीती करावी या वचनावर उपदेश चालविला. तेव्हा रूथबाई बायकांच्या चटईवरून उठून उभी राहिली. बाईने मधेच उठावे ऐसी चाल नव्हती, परंतु तीस कोणी बसविले नाही. तिने विचारिले की सोननाक आपला शेजारी होता की नव्हता. शिमोनराव म्हणाले, होता, परंतु सनद ही देवाची कृपा आहे, आणि शेजाऱ्यांनी बाप्तिस्मा घेतल्यास त्यांसही ती लागू होईल, दार उघडेच आहे. रूथबाई म्हणाली, "वेठ चुकवायला घेतला तर तो बाप्तिस्मा कसला? पळवाट झाली ती. आणि आपण तरी त्या वाटेनं पळालोच ना?"

मंडळीत गडबड उडाली. मंडळीचे वडील लूकसजी, न्यायाचे माणूस, ते म्हणाले की आपण पुन्हा दोर ओढू लागलो तर वेठ बरोबरच आहे ऐसे होईल. अन्यायास हात लावणे ही प्रीती नव्हे. हे बोलणे खरे होते आणि पुष्कळांस पटले. रूथबाईसही पटले. ती थोडी थांबून म्हणाली की ओढावयास जावे असे मी म्हणत नाही. दोर धरावयास जावे, आणि मग त्यांच्यासंगे खाली ठेवावा. आपण घरी बसून ठेवला तर तो त्यांच्याच हाती राहतो.

शिमोनरावांनी उपदेश तिथेच संपविला. त्यांस त्या दिवशी जेवण गेले नाही. सनद मिळविण्याचा त्यांस अभिमान होता, तो अभिमान त्यांस टोचू लागला, आणि भयही वाटले, कारण मंडळीची शाळा दरबाराचे मदतीवर चाले, आणि दरबाराचे प्रेम गेले तर तीही जाईल. सायंकाळी त्यांनी घरोघर जाऊन सांगितले की मी उद्या घाटात जातो, ज्यास यावेसे वाटेल त्याने यावे, न येईल त्यावर माझा राग नाही. निम्मी मंडळी आली. लूकसजीही आले.

घाटात आळीचा नाईक रायनाक होता. त्याने ख्रिस्ती लोक पाहिले आणि प्रथम चेष्टा केली, मग शिमोनरावांनी अंगरखा काढून दोर खांद्यावर घेतला तेव्हा त्याने चेष्टा सोडून आपल्या शेजारी जागा करून दिली. चालता चालता शिमोनरावांनी त्यास मनातील बेत सांगितला, आणि तो बेत दोरावरून माणसागणिक पुढे गेला. ज्या वळणावर सोननाक गेला त्या वळणी सर्व थांबले. गाड्याच्या मागे खाली उताराला किल्लेदारांचे शिपाई चाबूक घेऊन उभे होते. रायनाकाचे डोळे लाल झाले. तो हळू म्हणाला,

"पाळक, नुसता दोर सोडू. गाडा जाईल आपल्या पायांनी. खाली तेच उभे आहेत, ज्यांनी सोन्याला तापात ओढून आणला."

"आधी चाकांना दगड लाव," शिमोनराव म्हणाले.

"त्यांची दया येते तुम्हाला?"

"येते. आणि आपल्याला वेठ मोडायची आहे, रायनाक. त्यांना मारलं तर त्यांच्या जागी उद्या दुसरे उभे राहतील, आणि वेठ तशीच."

 शेवटी रायनाकानेच मोठा धोंडा उचलून चाकाखाली सारला, मग इतरांनी सारले, गाडा हलेनासा झाला ऐसे पाहून सर्वांनी दोर भुईवर ठेविला आणि तेथेच खाली बसले.

हैबतराव घोड्यावरून आले. त्यांनी ख्रिस्ती लोकांस बाजूस व्हावयास सांगितले, तुम्हांस माफी आहे, घरी जावे, फटके बाकीच्यांस पडतील. कोणी उठले नाही. किल्लेदारांनी पुन्हा सांगितले. तेव्हा शिमोनराव उठले, परंतु घराकडे न जाता फटके मारणारापुढे जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांस फटके बसले, रायनाकास बसले, लूकसजींस बसले. शिपायांचे हात ढिले पडू लागले, कारण धोंडे त्यांनी पाहिले होते आणि ते कोणासाठी लावले हे त्यांस उमगले होते. एकाने चाबूक ठेविला. त्यास हैबतरावांनी त्याच जागी नोकरीवरून काढिले.

लग्नघटका आली आणि गेली, सलामी झाली नाही. महाराजांनी संतापून सर्वांस दरबारी आणविले आणि शिमोनरावांस विचारिले की तुम्हांस माफी असता तुमची तक्रार कोणती. शिमोनराव म्हणाले,

"महाराज, आमच्या माफीचा भार शेजाऱ्यांवर गेला आणि त्यात एक माणूस मेला. त्यात किल्लेदारांचा दोष आहे आणि माझाही आहे. आपली सनद परत घ्यावी. वेठ सर्वांची सुटत नसेल तर आम्हांस एकट्यांस सुटका नको."

महाराज म्हणाले, सनद परत केल्यास तुम्हीही राबाल. शिमोनराव म्हणाले, मजुरी मिळाल्यास राबू, न मिळाल्यास सर्व मिळून बसू. मग काढलेल्या शिपायास बोलावून महाराजांनी घाटातील हकिकत ऐकिली, आणि धोंड्यांची गोष्ट त्यास दोनदा सांगावयास लाविली.  शेवटी आज्ञा जाहली की किल्ल्याची व रस्त्याची कामे यापुढे मजुरी देऊन करावी, आणि सनद रद्द. शेतावरील वेठीविषयी महाराज काही बोलले नाहीत.

सनद गेली म्हणून काही घरे मंडळी सोडून गेली. शिमोनरावांनी त्यांस दोष दिला नाही. रूथबाईने साळूस प्रार्थनेस येण्याविषयी कधी विचारिले नाही. साळूच आपण होऊन एके दिवशी तिच्या दारी आली, तवा मागून घेतला, आणि तिथेच चुलीपाशी बसून दोघींच्या भाकरी भाजू लागली. पुढे दोघींची चूल एकच झाली, देव मात्र ज्याचे त्याचे राहिले.

येणेप्रमाणे घडले. राजपुत्राचे लग्न सलामीवाचून झाले आणि तरी सुखाचे झाले. हैबतराव किल्ल्यावर कायम राहिले. शेतावरची वेठ पुढे पुष्कळ वर्षे चालली आणि ती मोडण्यास दुसरी माणसे लागली. सोननाकाच्या जिवाची भरपाई कोणी केली नाही, करता येण्याजोगी नव्हती. शिमोनराव पाळकांनी पुढे दरबारात अर्ज अनेक केले, परंतु एकट्या आपल्या मंडळीकरिता एकही केला नाही. इतके लिहून लेखणी ठेविली.